मेरीलँडचा औषधदर कायदा: साडेसहा महिन्यांत का कोसळला आणि त्यातून काय उरलं

१ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एक कायदा लागू झाला. पेटंट संपलेल्या अत्यावश्यक औषधांच्या किमती कंपन्यांनी बेसुमार वाढवल्या, तर राज्याचा ॲटर्नी जनरल (मुख्य विधी अधिकारी) त्यांना कोर्टात खेचू शकेल, अशी त्यात तरतूद होती. अमेरिकेत या धाटणीचा हा पहिलाच कायदा. १३ एप्रिल २०१८ रोजी, म्हणजे साडेसहा महिन्यांत, केंद्रीय अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. गंमत अशी की अशी दरवाढ रास्त आहे, असं निकालपत्रात कुणीही म्हटलं नाही. कायदा पडला तो भलत्याच प्रश्नावर: गोळीची विक्री नेमकी कुठे होते?

या प्रकरणाकडे 'हावऱ्या कंपन्या आणि बिचारे रुग्ण' अशा चष्म्यातून पाहिलं तर राग येतो, पण हाती काही लागत नाही. खरी गोम बिलांच्या साखळीत आहे.

राज्यांवर ही वेळ का आली

आपल्याकडे औषधांच्या भावाचा विषय दिल्लीत मिटतो. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा, त्याखालचा २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश आणि तो राबवणारं राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण. यादीतल्या औषधाचा कमाल भाव काढायची रीतही ठरलेली आहे: बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या दरांची सरासरी, वर किरकोळ विक्रेत्याचे सोळा टक्के. यादीबाहेरच्या औषधाची एमआरपी वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. महाराष्ट्राचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) हे नियम पाळले जातात का ते बघतं, भाव ठरवायला बसत नाही. या व्यवस्थेत पळवाटा भरपूर आहेत, पण 'भाव ठरवायचा अधिकार सरकारला आहे का' हा वाद आपल्याकडे केव्हाच संपलाय.

अमेरिकेत तो आजही चालू आहे. तिथलं एफडीए औषध सुरक्षित आहे का आणि लागू पडतं का एवढंच तपासतं. किंमत त्याच्या अखत्यारीतच येत नाही. पाकिटावर छापील एमआरपी नसते. ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेसाठी मोजक्या औषधांच्या किमतीवर कंपन्यांशी घासाघीस करायची मुभा केंद्र सरकारला मिळाली तीच मुळी २०२२ च्या कायद्याने. राज्यांना मात्र बिलं भरणं चुकत नव्हतं. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत राज्याचा वाटा असतो, सरकारी नोकरांचा विमा असतो, तुरुंगातल्या कैद्यांची औषधं असतात. केंद्र हलत नाही म्हटल्यावर राज्यांनी आपापल्या विधिमंडळात हातपाय मारायला सुरुवात केली.

ठिणगी पडली ती जुन्या, साध्या औषधांवरून. ऑक्टोबर २०१४ मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स आणि बाल्टिमोरचे खासदार एलायजा कमिंग्ज यांनी चौदा जेनेरिक कंपन्यांना पत्रं पाठवली. त्यातला एक आकडा असा: डॉक्सिसायक्लिनच्या ५०० गोळ्यांची बाटली ऑक्टोबर २०१३ मध्ये २० डॉलरला पडत होती, एप्रिल २०१४ मध्ये १,८४९ डॉलरला. डॉक्सिसायक्लिन म्हणजे काही कॅन्सरचं नवं इंजेक्शन नव्हे. आपल्याकडे लेप्टोची साथ आली की पालिकेचे दवाखाने फुकट वाटतात ती गोळी. पुढे २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, लेखापरीक्षण कार्यालयाने मेडिकेअरमधल्या १,४४१ जुन्या जेनेरिक औषधांचा हिशेब मांडला. २०१० ते २०१५ या काळात त्यातल्या ३०० हून अधिक औषधांच्या किमतीत निदान एकदा तरी दुपटीची किंवा त्याहून मोठी उडी आली होती.

आणि मग डॅराप्रिम. पायरिमेथामिन हे औषध १९५३ पासून बाजारात आहे. टॉक्सोप्लाझ्मोसिसवर, विशेषतः एचआयव्हीबाधितांना लागतं. ऑगस्ट २०१५ मध्ये ट्युरिंग नावाच्या कंपनीने त्याचे अमेरिकेतले हक्क ५.५ कोटी डॉलरला घेतले आणि गोळीची किंमत १३.५० डॉलरवरून ७५० डॉलरवर नेली. औषधाचं पेटंट कधीच संपलेलं होतं. पण रुग्ण थोडे आणि अमेरिकेत मान्यता असलेला उत्पादक एकच. स्पर्धकाला उतरायचं तर एफडीएकडे अर्ज, मूळ गोळीशी तुलना, मंजुरी असा वर्षांचा खटाटोप. त्यात ट्युरिंगने वितरण इतकं आवळून धरलं की तुलनेसाठी लागणाऱ्या मूळ गोळ्याही स्पर्धकाच्या हाती लागू नयेत. जेनेरिकच्या धंद्यात किंमत खाली ठेवते ती स्पर्धा, आणि ती जिथे नाही तिथे पेटंट संपलं काय, न संपलं काय, मालक म्हणेल तो भाव.

४ फेब्रुवारी २०१६ ला ट्युरिंगचा माजी प्रमुख मार्टिन श्क्रेली काँग्रेसच्या समितीपुढे आला. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनादत्त हक्कावर बोट ठेवून त्याने प्रत्येक प्रश्न टाळला. कमिंग्ज बोलत असताना तो ओठांच्या कोपऱ्यात हसत होता. यात हसण्यासारखं काही नाही, माणसं मरताहेत, असं कमिंग्जनी त्याला तिथेच सुनावलं. सुनावणी संपल्यावर श्क्रेलीने खासदारांची संभावना ट्विटरवर 'मूर्ख' अशी केली. कमिंग्ज बाल्टिमोरचे, आणि मेरीलँडचं विधिमंडळ तिथून तासाभरावर ॲनापोलिसला. त्या राज्यात पुढच्याच वर्षी कायदा आला हे नवल नाही.

कायद्याची रचना

हाउस बिल ६३१ हे विधेयक मे २०१७ मध्ये कायदा झालं, तेही गव्हर्नर लॅरी होगन यांच्या सहीविना. होगननी ना सही केली ना व्हेटो वापरला. विधिमंडळाला पत्र मात्र लिहिलं: हे घटनेच्या कसोटीवर टिकेल का याची शंका आहे, आणि पेटंट असलेली महागडी औषधं तर यात नाहीतच.

दोन्ही मुद्दे बरोबर निघाले. पण दुसऱ्या मुद्द्यात विधिमंडळाचा दोष नव्हता. वॉशिंग्टन डीसीने २००५ मध्ये पेटंट असलेल्या औषधांच्या अवाजवी किमतीवर बंदी घालून पाहिली होती. २००७ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. पेटंट हा केंद्राचा विषय, त्यातून मिळणारा नफा स्थानिक कायद्याने छाटता येणार नाही, हे तिथे ठरून गेलं होतं. म्हणून मेरीलँडने मुद्दाम पेटंटबाहेरचं कुंपण घातलं. याचा परिणाम असा की ज्या दोन नावांनी घराघरांत संताप होता ती कुंपणाबाहेर राहिली. एक एपिपेन, ॲलर्जीच्या झटक्यात मांडीत टोचायची पेन: दोन पेनांचा खोका २००७ मध्ये साधारण १०० डॉलर, २०१६ मध्ये ६०० च्या वर. दुसरं एव्झिओ, अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेवर उतारा असलेल्या नॅलोक्सोनचं स्वयंचलित इंजेक्शन: २०१४ मध्ये ६९० डॉलर, २०१७ पर्यंत ४,५००. बाल्टिमोरमध्ये अतिमात्रेने माणसं जात होती, शहराची आरोग्य आयुक्त लीना वेन नॅलोक्सोन महागल्याबद्दल जाहीरपणे बोलत होती, आणि कायदा या उपकरणाला हात लावू शकत नव्हता.

कुंपणाच्या आतली व्याख्या मात्र विचार करून लिहिलेली होती. औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत हवं किंवा राज्याच्या आरोग्य सचिवाने अत्यावश्यक ठरवलेलं हवं. त्याचे एकाधिकार संपलेले हवेत. बनवणारे तीन किंवा त्याहून कमी हवेत. आणि ते मेरीलँडमध्ये विक्रीला उपलब्ध हवं. डॅराप्रिम या चारही अटींत चपखल बसतं.

मेडिकेडच्या अधिकाऱ्यांना एक घंटा दिली होती. वर्षभरात किंमत ५० टक्के किंवा जास्त वाढली आणि महिन्याच्या औषधाचा (किंवा पूर्ण कोर्सचा) खर्च ८० डॉलरच्या वर गेला, की त्यांनी ॲटर्नी जनरलला कळवायचं. म्हणजे महिन्याला ६० डॉलरची गोळी ९५ ची झाली तर घंटा वाजणार. १० ची ४० झाली तर चौपट होऊनही वाजणार नाही. ॲटर्नी जनरलने मग कंपनीकडे खुलासा मागायचा, तो ४५ दिवसांत यायला हवा: कच्चा माल महागला का, औषध जास्त लोकांपर्यंत पोचवायला खर्च झाला का. समाधान झालं नाही तर कोर्ट. कोर्ट दरवाढ रोखू शकत होतं, ग्राहकांचे पैसे परत करायला लावू शकत होतं, मेडिकेडसारख्या राज्याच्या योजनांना वर्षभर जुन्या भावाने पुरवठा करायला सांगू शकत होतं आणि प्रत्येक उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत दंड ठोकू शकत होतं.

५० टक्के ही फक्त घंटा होती, गुन्ह्याची रेषा नव्हे. गुन्हा होता 'सदसद्विवेकाला न पटणारी' दरवाढ, म्हणजे खर्चाने समर्थन होत नाही इतकी अतिरेकी आणि रुग्णापुढे दुसरा पर्यायच न ठेवणारी. वकिलांना अशी शब्दरचना म्हणजे पर्वणी. शिवाय कायद्यात एक कलम असं होतं की 'आम्ही मेरीलँडच्या ग्राहकाला थेट माल विकत नाही' हा बचाव कंपनीला घेता येणार नाही. हे कलम घालणाऱ्याला धंद्याची रीत पक्की ठाऊक होती. पण नेमकं तेच कलम पुढे कायद्याच्या अंगाशी आलं.

एका बिलाची वाट

जुलै २०१७ मध्ये जेनेरिक कंपन्यांच्या संघटनेने बाल्टिमोरच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात ॲटर्नी जनरल ब्रायन फ्रॉश यांच्यावर दावा लावला. दावा समजून घ्यायला एक गोळी धरून चालू.

समजा गोळी गोव्यात वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्यात झाली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जेनेरिक गोळ्यांतला मोठा वाटा भारतातून जातो, तेव्हा हे काही ओढूनताणून आणलेलं उदाहरण नाही. खोकी न्यू जर्सीत कंपनीच्या अमेरिकी शाखेकडे उतरतात. शाखा माल विकते घाऊक वितरकाला. अमेरिकेत हा धंदा मुख्यतः तिघांच्या हातात: तेव्हा मॅकेसन कॅलिफोर्नियात, कार्डिनल ओहायोत, अमेरिसोर्सबर्गन पेनसिल्व्हेनियात. तिघांपैकी मेरीलँडचा एकही नाही. वितरकाच्या गोदामातून खोकं बाल्टिमोरच्या फार्मसीत जातं, तिथे रुग्णाचा विमा आणि रुग्ण मिळून पैसे देतात. दर चढतो तो पहिल्या बिलावर, न्यू जर्सीची शाखा आणि ओहायोचा वितरक यांच्यातल्या. त्या कागदावर मेरीलँडचं नावही नसतं. गोळी पुढे ओहायोत खपेल, टेक्सासात खपेल किंवा बाल्टिमोरला, हे बिल फाडताना कुणाला ठाऊक नसतं.

अमेरिकी घटनेत आंतरराज्य व्यापाराचं नियमन काँग्रेसकडे दिलेलं आहे. त्यातून न्यायालयांनी एक तत्त्व काढलं: एका राज्याने दुसऱ्या राज्यात होणाऱ्या व्यवहाराची किंमत ठरवू नये. यामागचे दाखले औषधांचे नाहीत. १९३५ मध्ये न्यूयॉर्कने व्हरमाँटहून येणाऱ्या दुधाला किमान भाव लावला होता, तो रद्द झाला. १९८९ मध्ये कनेक्टिकटने शेजारच्या राज्यांपेक्षा बिअर महाग विकू नका असं बजावलं, तेही रद्द झालं. डॅराप्रिमसारख्या औषधांचा निवाडा दुधाच्या कॅनवर आणि बिअरच्या पिंपावर व्हावा, यातली विसंगती मला पहिल्यांदा वाचताना पचायला जड गेली होती.

जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश मार्विन गार्बिस यांनी सप्टेंबर २०१७ च्या अखेरीस व्यापाराचा हा आक्षेप फेटाळला आणि स्थगिती नाकारली. 'शब्दरचना मोघम आहे' एवढा एक आक्षेप पुढे चालवायला ठेवला. दोन दिवसांत कायदा लागू झाला. कंपन्या अपिलात गेल्या आणि चौथ्या सर्किटच्या (मेरीलँड ज्याखाली येतं त्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या) तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक अशा मताने पारडं फिरवलं.

बहुमताचं निकालपत्र न्यायाधीश स्टेफनी थॅकर यांचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा कायदा मेरीलँडमधल्या कोणत्याही कृतीवर चालत नाही, तर साखळीच्या वरच्या टोकाला, राज्याबाहेर झालेल्या विक्रीवर चालतो. त्याचे शब्द इतके सैल आहेत की त्या व्यवहारातली एकही गोळी मेरीलँडला पोचली नाही तरी खटला भरता येईल. आणि उद्या प्रत्येक राज्याने असाच आपापला कायदा केला तर एकाच बिलावर पन्नास राज्यांचे पन्नास नियम लागतील. महागाईपासून ग्राहकांना वाचवण्याचा हेतू कितीही चांगला असो, आपली पसंती दुसऱ्या राज्यांवर लादता येणार नाही.

न्यायाधीश जेम्स विन यांनी अल्पमताचं निकालपत्र लिहिलं. त्यांचा रोख असा की कायदा मेरीलँडमध्ये विकल्या जाणाऱ्या औषधांपुरताच आहे, इजा मेरीलँडच्या रुग्णाला होते आहे, आणि मधे परराज्यातला वितरक उभा केला की राज्याचे हात बांधले जाणार असतील तर नागरिकांच्या संरक्षणाला अर्थच उरत नाही. जुलै २०१८ मध्ये पूर्ण पीठाने फेरविचार नाकारला. १९ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हातात घ्यायला नकार दिला. विषय संपला.

माझा कौल विन यांच्या बाजूने आहे. कंपन्या वितरकामार्फत माल देतात ती धंद्याची सोय आहे, पण त्या सोयीतून कायद्यापासून सुटका मिळावी हे पटत नाही. मुंबईच्या लुपिन या औषध कंपनीचं अमेरिकी मुख्यालय त्या काळात बाल्टिमोरमध्येच होतं. बहुमताच्या तर्काने अशा कंपनीने ओहायोच्या वितरकाला माल विकला की तो 'बाहेरचा' ठरण्याची शक्यता उभी राहते. तरीही 'एकही गोळी पोचली नाही तरी' हे वाक्य बहुमताच्या हाती मेरीलँडनेच दिलं. मेरीलँडच्या रुग्णाच्या हातात पडलेल्या गोळ्यांपुरता कायदा मर्यादित आहे, असं मसुद्यात स्वच्छ लिहिलं असतं तर?

या 'तर'चं उत्तर मिनेसोटाने दिलं. २०२३ च्या तिथल्या कायद्यात नेमकी हीच दुरुस्ती होती: राज्यातल्या ग्राहकाला विकलेल्या, दिलेल्या किंवा पोचवलेल्या जेनेरिक औषधापुरताच नियम. मोघम विशेषणाऐवजी आकडेही होते. वर्षात १५ टक्के किंवा तीन वर्षांत ४० टक्के, आणि वाढ महिन्याला ३० डॉलरहून जास्त. मुहूर्तही चांगला होता, कारण मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या डुक्करपालन नियमांच्या प्रकरणात 'राज्याबाहेर परिणाम झाला की कायदा बाद' हे सरसकट तत्त्व नाकारलं होतं. औषधदराच्या बाजूने लढणाऱ्यांना वाटलं, आता दार उघडलं. पण त्याच संघटनेने मिनेसोटावर दावा लावला, डिसेंबर २०२३ मध्ये स्थगिती मिळवली, आणि जून २०२५ मध्ये आठव्या सर्किटने ती कायम केली. कारण पुन्हा तेच: किंमत राज्याबाहेरच्या बिलावर ठरते आणि कायदा तिलाच हात घालतो. तेव्हा दोष मेरीलँडच्या भाषेत थोडा होता, वाटेत जास्त.

दुसऱ्या वाटा

याच दरम्यान मक्तेदारीविरोधी कायद्याने काही हिशेब चुकते झाले. डॅराप्रिमचं वितरण आवळून स्पर्धा अडवल्याबद्दल केंद्रीय व्यापार आयोग आणि न्यूयॉर्कने २०२० मध्ये दावा लावला, पुढे आणखी सहा राज्यं त्यात आली (मेरीलँड त्यात नव्हतं). जानेवारी २०२२ मध्ये श्क्रेलीवर औषधधंद्यात आजन्म बंदी आली आणि ६.४६ कोटी डॉलर भरण्याचा आदेश झाला. पण तोवर किंमत वाढून साडेसहा वर्षं उलटली होती.

दुसरं प्रकरण पुण्यापर्यंत पोचतं. सँडर्स-कमिंग्ज यांच्या पत्रांच्याच वर्षी कनेक्टिकटने जेनेरिकच्या दरवाढीची चौकशी सुरू केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये अनेक राज्यांनी मिळून दावा लावला. आरोप असा की प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्या कंपन्या आपसात भाव ठरवत होत्या आणि गिऱ्हाइकं वाटून घेत होत्या. केंद्रस्थानी होती हेरिटेज फार्मास्युटिकल्स, पुण्याच्या एमक्युअरची त्या वेळची अमेरिकी कंपनी. मधुमेहावरच्या ग्लायब्युराइडच्या (आपल्याकडे ग्लिबेनक्लामाइड) भावाबाबत संगनमत केल्याचं हेरिटेजने २०१९ मध्ये अमेरिकी न्याय विभागाशी केलेल्या करारात मान्य केलं आणि दंड भरला.

या वाटेची अडचण उघड आहे. संगनमत किंवा अडवणूक सिद्ध करावी लागते. एकाच कंपनीने, कुणाशी न बोलता, नुसता भाव दसपट केला तर मक्तेदारीविरोधी कायद्याला त्यात वावगं काही दिसत नाही. मेरीलँडचा २०१७ चा कायदा नेमकी हीच फट बुजवायला निघाला होता.

विकणाऱ्याऐवजी पैसे देणारा

सर्वोच्च न्यायालयाचा नकार आला त्याच वर्षी मेरीलँडच्या विधिमंडळाने दुसरा डाव टाकला: औषधं परवडण्याजोगी ठेवण्यासाठी पाच सदस्यांचं मंडळ, अमेरिकेतलं अशा प्रकारचं पहिलं. याही वेळी होगननी सही केली नाही आणि अडवलंही नाही.

मंडळाची युक्ती अशी की कंपनीने कितीला विकावं यावर ते बोलतच नाही. मेरीलँडमधल्या सरकारी योजनांनी एखाद्या औषधाला जास्तीत जास्त किती पैसे द्यायचे, ती मर्यादा ते ठरवू शकतं. देणारा राज्यातला, व्यवहार राज्यातला. ओहायोचं बिल कुणी हातात घेत नाही. पेटंट असलेली औषधंही यात येतात, म्हणजे २००७ च्या निकालाने बंद झालेलं दार वळसा घालून किलकिलं केलं. नव्या ब्रँडची किंमत वर्षाला ३०,००० डॉलर किंवा जास्त असेल, चालू ब्रँडची वर्षभरात ३,००० ने वाढली असेल, तर ते तपासणीला घेता येतं. जेनेरिकसाठी निकष वेगळे.

वाचायला हे छान वाटतं. प्रत्यक्षात मंडळाची गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली. २०२० मध्ये मंडळाच्या खर्चासाठी कंपन्या, विमा कंपन्या आणि वितरकांवर शुल्क बसवणाऱ्या विधेयकावर होगननी व्हेटो वापरला. विधिमंडळाने तो २०२१ मध्ये मोडून काढला. २०२४ मध्ये सहा औषधं सविस्तर तपासणीला निवडली गेली: बिक्टार्व्ही, ड्युपिक्सेंट, फार्सिगा, जार्डियन्स, ओझेम्पिक आणि ट्रुलिसिटी. मर्यादा कशी ठरवायची त्याच्या आराखड्याला विधिमंडळाच्या समितीची मंजुरी मिळाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. कायद्यानंतर पाच वर्षांनी नुसता आराखडा. २०२५ मध्ये गव्हर्नर वेस मूर यांनी मंडळाचे अधिकार सरकारी योजनांपलीकडे खासगी विम्यापर्यंत टप्प्याटप्प्याने नेणाऱ्या कायद्यावर सही केली.

मर्यादेच्या गणितात दोन गाठी आहेत. पहिली फार्मसीवाल्याची. समजा मर्यादा महिन्याला २०० डॉलर ठरली आणि वितरक त्याला तेच औषध ५०० ला देतोय. वरचा भाव खाली आणायची ताकद त्याच्यात नाही, खालचा भाव कायद्याने बांधलेला. आपल्याकडे एमआरपी घटवताना साखळीच्या टोकाचा मेडिकलवाला जुन्या स्टॉकवरून जी ओरड करतो, तीच इथे कायमची होऊ शकते. त्याला माल मर्यादेच्या आत मिळेल याची हमी कोण देणार, यावर मंडळाची सगळी मदार आहे. दुसरी गाठ सवलतींची. अमेरिकेत यादीतली किंमत एक आणि कंपनीच्या हाती पडणारी रक्कम वेगळीच असते, कारण विम्याच्या यादीत औषध वर ठेवण्यासाठी कंपन्या मधल्या दलालांना मोठा परतावा देतात. मर्यादा आली तर कंपनी परतावा आटवेल, दलाल ते औषध यादीत खाली ढकलेल, आणि स्वस्त झालेलं औषध रुग्णाला मिळवायलाच अवघड होईल, ही भीती अगदीच कंपन्यांचा कांगावा नाही.

जार्डियन्सच्या आकड्यांत हे स्पष्ट दिसतं. मधुमेहाची ही गोळी, मूळ घटक एम्पाग्लिफ्लोझिन. २०२३ मध्ये अमेरिकेत तीस दिवसांची यादीतली किंमत ५७३ डॉलर. केंद्राने मेडिकेअरसाठी घासाघीस करून २०२६ पासून लागू होणारा भाव ठरवला १९७ डॉलर. भारतात मार्च २०२५ मध्ये याचं पेटंट संपलं, त्याच महिन्यात ग्लेनमार्क, अल्केमसारख्या मुंबईच्या कंपन्यांनी आपापल्या गोळ्या आणल्या आणि साठ रुपयांच्या घरातली गोळी दहा रुपयांच्या आसपास, काही ठिकाणी त्याच्याही खाली आली. ॲनापोलिसच्या मंडळाने मर्यादा ठरवायची तर हाताशी आयता आकडा आहे तो १९७ चा. स्वतःचं गणित मांडून प्रत्येक पायरीवर कोर्टात उत्तर देण्यापेक्षा केंद्राने ठरवलेला भाव उचलणं सोपं.

कोलोरॅडोने हेच केलं. तिथलं मंडळ मेरीलँडनंतर दोन वर्षांनी, २०२१ मध्ये झालं, पण अधिकार सुरुवातीपासून व्यापक होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने संधिवातावरच्या एन्ब्रेल इंजेक्शनला मेडिकेअरच्या भावाच्या आधारे कमाल मर्यादा घातली, अमेरिकेत कोणत्याही राज्याने घातलेली पहिली. एन्ब्रेल बनवणारी ॲम्जेन त्याआधीच कोर्टात गेली होती; 'अजून तुमचं नुकसान झालेलं नाही' म्हणून तो दावा २०२५ च्या मार्चमध्ये निकाली निघाला. मर्यादा ठरल्यावर ते कारण उरत नाही. अंमलबजावणी १ जानेवारी २०२७ पासून आहे. ओहायोच्या बिलाला हात न लावताही किंमत खाली आणता येते का, याचा पहिला खराखुरा पुरावा कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या फार्मसींमधून येईल.